वाढदिवसाच्या पानावरचा न आलेला फोटो

आमच्या मॅडम कुठल्याही दारातून सरळ आत यायच्या नाहीत. आधी दार लोटून घ्यायच्या, बाहेरून कडी घालायच्या आणि मग खांद्याने ढकलून बघायच्या. उघडलं की तोंड वाकडं करायच्या. नाही उघडलं की खूश होऊन कडी काढायच्या आणि आत यायच्या. लॅबचं दार, स्टाफरूमचं दार, कँटीनमागचं जाळीचं दार, सगळ्यांना एकच न्याय. मी पहिल्या वर्षाला होते तेव्हा मला वाटलं, यांना काहीतरी आजार असावा. मी शेवगाव तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेली. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मीच पहिली. शिकलेली माणसं अशीही असतात हे मला ठाऊक नव्हतं, आणि कोणाला विचारायचं धाडसही नव्हतं.

त्या आम्हाला कॉम्प्युटर शिकवायच्या. गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. त्यांच्याबद्दल लिहायचं मी बरेच दिवस टाळत होते, कारण मला ते नीट जमेल याची अजून खात्री नाही. त्यांच्या हातात हे पडलं तर पहिल्याच ओळीवर बोट ठेवून त्या विचारतील, "हे कशावरून?"

शहराच्या सावेडी भागातून त्या जुन्या स्कूटरवर यायच्या. स्कूटर लावली, हँडल लॉक केलं, की जो कोणी विद्यार्थी समोर दिसेल त्याला हाक मारायच्या, "ए बाबा, ही ढकलून ने बरं." तो बिचारा गोंधळून हँडल ओढायचा, वाकवायचा. हलत नाही म्हटल्यावर त्या त्याला थँक्यू म्हणायच्या आणि निघून जायच्या. रविवारी चर्च सुटल्यावर, चांगली इस्त्रीची साडी नेसलेल्या, तशाच लॅबमध्ये येऊन बसायच्या. वसतिगृहातल्या आम्हा मुलींना रविवारी लॅब उघडी मिळायची ती त्यांच्यामुळे. डब्यातून नानकटाई आणायच्या. तीही आधी आम्हाला वास घेऊन बघायला सांगायच्या.

तोंडी परीक्षेत इतर सर विचारायचे की हा प्रोग्राम काय करतो. मॅडम विचारायच्या, "याला काय खायला दिलं की हा रडेल?" एका मुलाने वसतिगृहातल्या मुलांच्या यादीचा प्रोग्राम केला होता. मॅडमनी वयाच्या जागी 'वांगी' टाकलं आणि प्रोग्राम बंद पडला. तो म्हणाला, "मॅडम, पण वयाच्या जागी वांगी कोण लिहिणार?" मॅडम म्हणाल्या, "मी लिहिलं की आत्ता. मी माणूस नाही का?"

लायब्ररीतला किस्सा तर सगळ्या कॉलेजला माहीत होता. तिथं नवीन सॉफ्टवेअर आलं होतं. आपलं नाव आपणच भरायचं. आता, कॉम्प्युटरच्या पानावर एखादं अक्षर ठळक दाखवायचं असेल तर त्याच्या आधी एक छोटी खूण घालतात आणि अक्षर संपलं की ती खूण बंद करतात. मॅडमनी स्वतःच्या नावाच्या आधी ती खूण घातली आणि बंद केलीच नाही. महिनाअखेरीला पुस्तकं परत न केलेल्यांची यादी भिंतीवर लागली, तर मॅडमच्या नावापासून खालची सगळी नावं जाडजूड. ग्रंथपाल सरांना वाटलं, शाई जास्त झाली. त्यांनी प्रिंटर उघडून साफ केला, मुलांना ओरडले. दुसऱ्या वेळी तेच झालं तेव्हा मॅडम स्वतः जाऊन सांगून आल्या. सर चिडून म्हणाले, "अहो बाई, नाव लिहायचं तर नाव लिहा ना." मॅडमचं म्हणणं होतं की मी नावच लिहिलं, तुमच्या मशीनने ते हुकूम म्हणून पाळलं, हा दोष कोणाचा?

वर्गात येऊन त्यांनी तेच समजावून सांगितलं. बाहेरून आलेला मजकूर म्हणजे पाहुणा. त्याला पाणी द्या, बसवा, जेवू घाला. पण तो म्हणाला कपाट उघडा, तर लगेच किल्ली काढून द्यायची का? हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की कोणी वर्गात उशिरा आलं की मागची मुलं कुजबुजायची, "पाहुणे आले, किल्ल्या सांभाळा."

मी मात्र पहिलं वर्षभर वर्गात तोंड उघडलं नाही. मी बोलले की गावाकडचं बोलणं निघायचं आणि कोणीतरी हसायचं. मॅडमनी प्रश्न विचारला आणि माझी पाळी आली, की त्या वाट बघत उभ्या राहायच्या. घड्याळाकडं बघायच्या नाहीत, दुसऱ्याला उठवायच्या नाहीत. मी नाहीच बोलले तर म्हणायच्या, "बरं, मग उद्या," आणि दुसऱ्या दिवशी खरंच पुन्हा मलाच विचारायच्या. एकदा वर्ग सुटल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि सांगितलं की विकीवर जी नवी पानं येतात, ती रोज सकाळी तू बघत जा. मी म्हटलं, मला जमेल का? त्या म्हणाल्या, "तू बोलत नाहीस, म्हणजे बघत असणार. बघणारं माणूसच मला पाहिजे."

विकी म्हणजे आमच्या विभागाची एक वेबसाइट होती. तिच्यात कोणीही पान उघडून लिहू शकायचं. प्रॅक्टिकलच्या नोट्स, जुने पेपर, राहुरी-शेवगावकडं जाणाऱ्या एसटीच्या वेळा, आपापल्या गावाची माहिती, सगळं पोरांनीच लिहिलेलं. कोणी काय लिहिलं, काय खोडलं, याचा इतिहास प्रत्येक पानामागे नावासकट राहायचा. फक्त मुखपृष्ठ तेवढं सगळ्यांना बदलता यायचं नाही. त्याचा अधिकार मॅडमना होता, प्राचार्य सरांना होता, आणि मॅडमनी काम दिल्यापासून मला होता. माझ्या नावासमोर तो अधिकार दिसायला लागला त्या दिवशी मी घरी फोन करून सांगितलं. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्यातलं काही कळलं नाही. तरी ते म्हणाले, "नाव लागलं ना तुझं? मग झालं."

आता वाढदिवसांचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं.

मॅडमना प्रत्येकाचा वाढदिवस पाठ असायचा. घरी त्या एकट्याच होत्या. त्यामुळे असेल किंवा नसेलही, पण वर्गात कोणाचा वाढदिवस असला की त्या शिकवणं थांबवून टाळ्या वाजवायला लावायच्या. आमच्या वर्गात एक जून आला की मोठी पंचाईत व्हायची. खेड्यातून आलेल्या निम्म्या मुलांची जन्मतारीख एक जून, कारण शाळेत घालताना गुरुजींनी सगळ्यांची तीच लिहून टाकलेली. मॅडमनी ती मानायला साफ नकार दिला. प्रत्येकाला घरी विचारून यायला सांगितलं. माझी आई म्हणाली, तुरी काढायला आल्या हुत्या तवाचा जल्म तुजा. मॅडमनी मग तुरीच्या दिवसातला एक दिवस ठरवून टाकला आणि त्या दिवशी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी कोणी टाळ्या वाजवण्याची ती पहिली वेळ. मी खाली बघत उभी राहिले, आणि आज आठवलं तरी मला त्यांचे आभार कसे मानावेत हे सुचत नाही.

आणि आमच्याकडं वाढदिवस म्हटला की फ्लेक्स आला. चौकात कोणाचा तरी फ्लेक्स नाही असा दिवस जात नाही. मधोमध गॉगल लावलेला मुलगा, खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग. तर मुलांचं एक शिष्टमंडळ मॅडमकडं आलं. विकीवर सगळी पानं पांढरी, एकाच अक्षरातली. आपापल्या पानावर वाढदिवसाचा फ्लेक्स करायला परवानगी द्या, रंग, मोठी अक्षरं, फोटो, सरकणारा मजकूर. आणि शुभेच्छा द्यायला लॉगिन मागू नका, कारण बाहेरच्या मित्रांनाही द्यायच्या असतात. मॅडम दोन-तीन दिवस नाही म्हणाल्या. मग कोणाचा तरी वाढदिवस आला आणि त्या हो म्हणाल्या.

रंग आणि फोटो यायचे म्हणजे मुलांनी लिहिलेल्या खुणा पानावर चालू द्यायच्या. त्यात एक धोक्याची खूण असते, जिच्यामुळे पान उघडणाऱ्याच्या कॉम्प्युटरला परस्पर कामं सांगता येतात. विकीला एक चाळणी होती, ती ही खूण दिसली की काढून टाकायची. तेवढंच तिला येत होतं. मॅडमना ते माहीत होतं. ती चाळणी नीट करायची असं त्या मला दर आठवड्याला म्हणत, आणि मग परीक्षा येत, प्रॅक्टिकल येत.

तिसऱ्या वर्षातली गोष्ट. एका सकाळी मी नेहमीप्रमाणे नवी पानं बघितली. त्यात एका मुलाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. भगवी-पिवळी अक्षरं, सरकणारं 'किंग', खाली शुभेच्छुकांचे फोटो. त्यातला एक फोटो आलेला नव्हता, नुसती रिकामी चौकट दिसत होती. मी पान बंद केलं आणि तासाला गेले. दुपारी शिपाईमामा बोलवायला आले. प्राचार्य सरांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडं वळवला. मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: 'प्राचार्य झोपले आहेत. कृपया आवाज करू नये.'

दुपारच्या जेवणानंतर सरांचा खुर्चीतच डोळा लागतो हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं. म्हणूनच त्यांना ते फार लागलं असावं. इतिहासात त्या ओळीसमोर माझं नाव होतं आणि सकाळची वेळ होती. मी म्हटलं, सर, मी नाही लिहिलं. ते म्हणाले, "मग तुझ्या नावानं भूत येऊन लिहून गेलं का?" त्यांनी तिथूनच आप्पांना फोन लावला. उद्या या, मुलीचं काय करायचं ते ठरवू, एवढंच बोलले.

संध्याकाळी मी लॅबमध्ये मॅडमसमोर उभी राहिले. त्यांनी धीर वगैरे काही दिला नाही. सकाळी कोणकोणती पानं उघडलीस, एवढंच विचारलं. मी फ्लेक्सचं सांगितलं, न आलेल्या फोटोचं सांगितलं. त्यांनी ते पान उघडलं, त्याच्या पोटातला मजकूर काढला आणि बराच वेळ स्वतःच्या कानाची पाळी ओढत बसल्या. मग मला शेजारी बसवून दाखवलं. चित्राच्या खुणेत एक सोय असते: चित्र सापडलंच नाही तर काय करायचं, ते तिथंच लिहून ठेवता येतं. कोणीतरी मुद्दाम नसलेल्या फोटोचं नाव दिलं होतं आणि पुढं लिहिलं होतं की फोटो सापडला नाही तर मुखपृष्ठावर ही ओळ लिही. ज्या कोणाला मुखपृष्ठाचा अधिकार असेल त्याने पान नुसतं उघडलं, की त्याच्या नावाने ती ओळ लिहिली जायची. चाळणी एकच खूण ओळखत होती. ही तिच्या डोळ्यांसमोरून निघून गेली.

"लिहिलं कोणी?" मी विचारलं. शुभेच्छा द्यायला लॉगिन नव्हतं, त्यामुळे नाव मिळणार नव्हतं.

"त्याला हुडकून काय करू? त्याचा पण वाढदिवस मीच साजरा केला असणार." मग म्हणाल्या, "भोक माझं आहे. मला दिसत होतं आणि मी बुजवलं नाही."

मी निघाले तेव्हा त्यांनी मागून हाक मारली. "उद्या जेवून ये. उपाशी माणूस लवकर कबूल होतं."

त्या प्रकरणानंतर आम्ही चाळणी नव्याने लिहिली, तेही सांगून टाकते. मॅडमनी त्या फ्लेक्सवाल्या शिष्टमंडळालाच बोलावलं. गेटवर चोरांच्या नावांची पाटी लावली तर चोर दुसरं नाव सांगून आत येतो, असं म्हणून त्यांनी फळ्यावर उलटी यादी सुरू केली. तुम्हाला नक्की काय काय लागतं तेवढं सांगा, तेवढंच आत येईल, बाकी जगातलं काहीही आलं तरी बाहेर. रंग. ठळक अक्षर. मधोमध मांडणी. फोटो, पण नुसता फोटो, त्याच्यासोबतच्या सूचना गळून पडतील. सरकणाऱ्या मजकुरावर वाद झाला. मी म्हटलं, त्याची गरज नाही. मुलं हिरमुसली. मॅडम म्हणाल्या, "सरकू दे गं. ते बिचारं कोणाचं काय वाकडं करतंय?" यादी करताना मागच्या बाकावरचा एक मुलगा मान वर करत नव्हता. मॅडमनी त्याच्याकडं एकदाही पाहिलं नाही. शेवटी नवी चाळणी तपासायचं काम मात्र त्यालाच दिलं.

पण ते नंतर. आधी दुसऱ्या दिवसाची सकाळ.

मी मेसमध्ये कशीबशी एक पोळी गिळली आणि स्टँडवर गेले. आप्पा शेवगावच्या गाडीतून उतरले. ठेवणीतला सदरा घातला होता. कॉलेजात येण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. त्यांनी मला काही विचारलं नाही, माझ्याकडं पाहिलंही नाही. रस्ताभर मी म्हणत होते, आप्पा, मी नाही लिहिलं. फाटकाशी आल्यावर ते म्हणाले, "नाव कुनाचं हाय तितं?"

"माझंच आहे, पण..."

"मग झालं तर."

आप्पांना दोष देता येत नाही. त्यांची सगळी उमर तलाठ्याच्या दारात नावं लावण्यात आणि नावं कमी करण्यात गेलेली. जिथं नाव लागलं तिथं माणूस बांधला गेला, एवढंच त्यांना माहीत. त्या क्षणी कॉलेजमधून काढून टाकतील याचं मला भय वाटेना. आप्पा मला घरी घेऊन जातील, आणि जन्मभर त्यांना वाटत राहील की हिनेच लिहिलं, नाव हिचंच होतं, हे मात्र मला सहन होत नव्हतं.

ऑफिसमध्ये सर होते आणि मॅडम आधीच येऊन बसल्या होत्या. सरांनी ती ओळ आप्पांना वाचायला लावली. आप्पांनी ती हळूहळू, ओठ हलवत वाचली. मग त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"साहेब, लेकराकडनं चूक झाली. पदरात घ्या. पाया पडतो तुमच्या."

ते खरंच वाकायला लागले. मला वाटलं जमीन दुभंगावी. मॅडम खुर्चीतून उठल्या आणि आप्पांच्या आणि टेबलाच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, थांबा. माफी चूक केल्यावर मागतात. आधी माझं एक काम करा." मग सरांकडं वळून त्यांनी विनंती केली की यांना तुमच्या खुर्चीत बसू द्या, पाच मिनिटं. सर म्हणाले, हे काय नवीन? मॅडम म्हणाल्या, "सर, सोमवारी तुमचा वाढदिवस आहे. मी विकीवर तुमचा फ्लेक्स केलाय. यांच्या हातून उद्घाटन करू." सर उठले.

आप्पा बसेनात. साहेबाच्या खुर्चीत कसं बसायचं? मॅडमनी त्यांना खांद्याला धरून बसवलं. माऊस हातात दिला. पडद्यावर सरांच्याच खात्यातून विकी उघडलेली होती. "ह्या निळ्या अक्षरावर बाण आणा, आणि बोट दाबा. बाकी कशाला हात लावू नका."

आप्पांनी दाबलं. पान उघडलं. केशरी अक्षरात सरांचं नाव, फुलं, सरकणाऱ्या शुभेच्छा, आणि खाली एक रिकामी चौकट.

"फोटो न्हाई आला," आप्पा म्हणाले.

"नाही आला ना? असू दे. तुम्ही काय केलंत आत्ता?"

"कुटं काय? नुसतं उघडलं."

"काही लिहिलंत?"

"न्हाई बा. मला कुटं येतंय?"

मॅडमनी त्यांच्याकडून मुखपृष्ठ उघडून घेतलं. तिथं मोठ्या अक्षरात होतं: 'उद्या कॉलेजला सुट्टी आहे.' इतिहास उघडला. त्या ओळीसमोर प्राचार्य सरांचं नाव, आणि वेळ आत्ताची.

तेवढ्यात व्हरांड्यातून आरडाओरडा ऐकू यायला लागला. शिपाईमामांनी दारातून डोकं आत घातलं. "साहेब, पोरं इचारत्यात, सुट्टी उद्याच हाय का आजपासनं?"

"सुट्टी कोणी दिली? मी काही लिहिलेलं नाही," सर म्हणाले.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "नाव तर तुमचंच आहे, सर."

आप्पा पडद्याकडं बघत होते. मग त्यांनी खुर्चीतूनच मान वर केली आणि मॅडमना म्हणाले, "न्हाई मॅडम. साहेबांनी न्हाई लिवलं. मी हितंच हाय, समद्यांच्या म्होरं. त्यांचा हात बी लागला न्हाई याला." मग माऊसवरचा हात त्यांनी काढून घेतला, भाजल्यासारखा. "आन् हिनं बी मग नुसतं उगडलंच आसंल की."

मॅडमनी मान हलवली. "हो. एवढंच केलं तिनं. भोक माझ्या विकीला होतं."

सरांनी मामांना पिटाळून सुट्टी नाही म्हणून सांगायला लावलं. घाम पुसला. प्रकरण मिटलं, मुलीने तासाला जावं, आणि ती कालची ओळ इतिहासातून कायमची पुसून टाका, असं ते मॅडमना म्हणाले. माझीही तीच इच्छा होती. पण मॅडम म्हणाल्या, इतिहास पुसायचा नसतो. पुसला तर लोक म्हणतील, काहीतरी होतं म्हणून पुसलं. त्याऐवजी खाली शेरा लिहू या, तो कोणालाही लिहिता येतो. आणि आप्पांच्या खांद्यावरून वाकून, आपल्या नावाने लॉगिन करून, त्यांनी इतिहासातल्या त्या ओळीखाली लिहिलं: 'वरील ओळ या विद्यार्थिनीने लिहिलेली नाही. विकीची चाळणी अपुरी होती. तिची जबाबदारी माझी होती आणि मी ती वेळेवर पार पाडली नाही.' मग ते आप्पांना वाचायला लावलं.

आप्पांनी दोनदा वाचलं. "आन् पंच कोन?"

"पंच?" सर म्हणाले.

"पंचनामा म्हटला की पंच लागत्यात, साहेब. ज्यानं डोळ्यानं बघितलं त्याची सही पायजे. न्हाईतर उद्या कुनी बी म्हनंल, मॅडमनी पोरीची बाजू घेतली." ते मॅडमकडं वळले. "माजं घाला नाव. मी बघितलंय."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी आप्पांसाठी विकीवर नवं खातं उघडलं, आणि कीबोर्ड त्यांच्यापुढं सरकवला. आप्पा चौथी शिकलेले. अक्षरं मराठीत, पण कुठल्या बटणावर कोणतं ते शोधावं लागत होतं. एकेक अक्षर सापडलं की ते बोट वर उचलून, नेम धरून दाबायचे. 'समक्ष' मधला 'क्ष' काही केल्या मिळेना. मी न राहवून हात पुढं केला, तर मॅडमनी माझं मनगट धरलं. "थांब. त्यांचं त्यांना लिहू दे." क्ष कुठं आहे तेवढं त्यांनी बोटाने दाखवलं. सर आपल्याच ऑफिसात भिंतीला टेकून उभे होते. तासाची घंटा झाली, पुढचा तास सुरू झाला, कोणी हललं नाही.

शेवटी पडद्यावर उमटलं: 'मी समक्ष पाहिले. मुलीने लिहिले नाही.' खाली त्यांचं नाव, आणि गावाचं नाव.

"आता हे कुनी खोडलं तर?" आप्पांनी विचारलं.

"खोडलं तर खोडणाऱ्याचं नाव दिसेल," मॅडम म्हणाल्या.

तेव्हा कुठं आप्पा खुर्चीतून उठले, टोपी घातली आणि सकाळी एसटीतून उतरल्यापासून पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "चल, चा पिऊ," ते म्हणाले. "मॅडम, तुमी बी चला."

"तुम्ही व्हा पुढं. मी आधी ते भोक बुजवून येते."

आम्ही दोघं कँटीनमध्ये बसलो. आप्पांनी तीन चहा सांगितले. ते आले, गार झाले, त्यावर साय धरली. कँटीनवाल्याने दोनदा विचारलं, गरम करून देऊ का. आप्पा म्हणाले, मॅडमला येऊ द्या. त्या येईपर्यंत त्यांनी कपाला हात लावला नाही, आणि मलाही लावू दिला नाही.